बाइलेस, शाउस्मास आणि एक भयाण वर्ष



मध्यंतरी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे दोन महिने इथे काही लिहिलं नाही. ज्यांनी फोन करून, मेल पाठवून चौकशी केली त्या सगळ्यांचे आभार. डोळा आता उत्तम आहे. इतका, की घरातली जळमटं दिसायला लागली आहेत. असो.

आज जरा लांबचा विषय घेतलाय. आमची नात रिगाला डॉक्टरकी शिकते हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. रिगा ही लॅटव्हियाची राजधानी. बाल्टिक समुद्राच्या काठी एकाखाली एक तीन छोटे देश आहेत: वर एस्टोनिया, मध्ये लॅटव्हिया आणि खाली लिथुआनिया. लॅटव्हियाची सगळी मिळून लोकसंख्या वीस लाखांच्या आत, म्हणजे एकट्या पुण्यात त्याहून जास्त माणसं राहतात. शिक्षण इंग्रजीतून असलं तरी दवाखान्यातला रुग्ण काही इंग्रजीत कण्हत नाही. त्यामुळे या मुलांना लॅटव्हियन भाषा शिकावीच लागते.

गेल्या हिवाळ्यात तिने मला एका कागदाचा फोटो पाठवला. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे लॅटव्हियन. रुग्णाला काय वाटतंय ते विचारण्यासाठी दिलेली ती यादी, आणि त्यातला सगळा मजकूर भीतीचा! फिअर म्हणजे बाइलेस. फ्राइट म्हणजे इज्बाइलेस. हॉरर म्हणजे शाउस्मास. डेंजर म्हणजे ब्रिएस्मास. ऑ, म्हणजे देवळात किंवा डोंगरासमोर उभं राहिल्यावर वाटतं ते आदरयुक्त भय, त्याला बियीबा. आणि शेवटी टेरर म्हणजे तेरोर्स. खाली तिचं वाक्य होतं, "अगं आजी, हे पाठ कसं करू? तू मराठीची बाई ना, काहीतरी युक्ती सांग."

मी मोठ्याने वाचत होते तेव्हा आमचे हे पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बाइलेस म्हणजे बायकोला. त्याचा अर्थ भीती, हे बरोबरच आहे." मी दुर्लक्ष केलं. (नातीला मात्र हे कळवलं आणि तो शब्द ती जन्मात विसरायची नाही.) आपल्या 'बाईल' शब्दाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही, हे इथे नमूद करून ठेवते. नाहीतर उद्या कोणीतरी फॉरवर्ड करेल.

पण यादीतल्या 'बियीबा'पाशी मी अडखळले. बियीबा... भय. कपाटातून आपट्यांचा संस्कृत कोश काढला, मग नेटवर बसले, आणि दोन दिवस स्वयंपाकाकडे लक्ष राहिलं नाही.

मंडळी, बाइलेस आणि बियीबा हे आपलेच भाऊबंद आहेत. संस्कृतात 'भी' हा धातू, भिणे. त्यापासून भय, भीती, भीरू, आणि भीम आणि भीष्म सुद्धा. ज्याची भीती वाटावी तो भीम. लॅटव्हियनमध्ये भिणे याला 'बीतिएस' म्हणतात. आपल्या 'भ'मधला ह-कार तिकडे गळून 'ब' राहिला, एवढाच फरक. लिथुआनियनमध्ये भीती म्हणजे 'बाइमे'. हा शोध माझा नाही बरं का! फ्रांझ बॉप या जर्मन विद्वानाने १८३३ पासून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, लिथुआनियन वगैरे भाषांचं तौलनिक व्याकरण छापायला सुरुवात केली, तेव्हापासून विद्वानांना हे माहीत आहे. बाल्टिक भाषांनी जुनी रूपं फार जपून ठेवली. लॅटव्हियनमध्ये देव म्हणजे दिएव्स, अग्नी म्हणजे उगुन्स, धूर म्हणजे दूमि, अश्रू म्हणजे आसारा. आणि यातला माझा सर्वांत लाडका शब्द ऐका. धार्मिक, पापभीरू माणसाला ते 'दिएवबियीग्स' म्हणतात. फोड करा: देव अधिक भी. देवाला भिणारा! आमच्या आईच्या तोंडी गावातल्या कोणाबद्दल चांगलं बोलायचं तर 'देवाला भिऊन वागणारा माणूस' हेच शब्द असत. ती माझ्या माहेरच्या खेड्याच्या पलीकडे फार गेली नाही. बाल्टिक समुद्राचं नावही तिने ऐकलं नसेल.

व्याकरणातही गंमत आहे. इंग्रजीत माणूस 'आय ॲम अफ्रेड' म्हणतो, म्हणजे मी स्वतःच भ्यालेला असतो. लॅटव्हियन माणूस म्हणतो, 'मान इर बाइल'. मान म्हणजे मला. मला भय आहे. आपण म्हणतो 'मला भीती वाटते', अगदी तसंच. भीती बाहेरून येते आणि मला होते, जसा ताप येतो तशी. चाळीस वर्षांपूर्वी मी वर्गात शिकवत असताना मुलं इंग्रजीच्या तासाला या वाक्यावर हमखास चुकायची, 'टू मी फिअर' असं काहीतरी लिहायची आणि छडी खायची. बिचारी लॅटव्हियात जन्मली असती तर पहिली आली असती.

आणखी एक. बाइलेस, शाउस्मास, ब्रिएस्मास हे सगळे शब्द तिकडे कायम अनेकवचनात चालतात. एक भीती, एक भयंकर असं म्हणायची सोयच नाही. मला आधी विचित्र वाटलं, मग आपले 'हाल' आठवले. आपल्याकडे तरी कोणाचा एक हाल कधी झालाय?

इंग्रजी शब्दांचीही पाळंमुळं काढली. हॉरर हा लॅटिन शब्द, मूळ अर्थ अंगावर काटा उभा राहणे. त्याचं संस्कृत भावंडं कोणतं असेल? हर्ष! मी दोनदा तपासून पाहिलं. 'हृष्' म्हणजे केस उभे राहणे, ताठ होणे. आनंदाने अंगावर रोमांच येतात म्हणून पुढे हर्ष म्हणजे आनंद झाला. लॅटिनमध्ये तोच काटा भीतीचा झाला. आपल्याकडे 'रोमहर्ष' शब्दात दोन्ही अर्थ अजून नांदतात. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगावर जो काटा येतो तो गलितगात्र झाल्याचा, आणि शेवटच्या अध्यायात संजयाच्या अंगावर येतो तो धन्य झाल्याचा. शब्द तोच.

टेरर तर आपला 'त्रास'. संस्कृतात त्रस् म्हणजे भीतीने थरथरणे. मराठीत तो शब्द झिजून झिजून इतका मऊ झाला की आता डासांचाही त्रास होतो आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीचाही. इंग्रजांनी 'टेरिफिक'चं तेच केलं. आणि फोबिया ज्या ग्रीक शब्दापासून आला त्या 'फोबोस'चा सर्वांत जुना अर्थ घाबरून पळणे. लॅटव्हियनमध्ये पळून जाणे म्हणजे 'बेग्त', तोच धातू. पळून आलेला, निर्वासित, तो 'बेग्लिस'. १९४४ मध्ये रशियन सैन्य पुन्हा जवळ येऊ लागलं तेव्हा लाखाहून अधिक लॅटव्हियन माणसं होड्यांतून, गाड्यांतून पश्चिमेकडे निघून गेली. म्हणजे आपण ज्याला झुरळाचा फोबिया म्हणतो, तो शब्द त्यांच्याकडे घरदार सोडून निघालेल्या माणसाचं नाव झाला.

इथपर्यंत सगळा शब्दांचा खेळ होता. नातीला मी छान तक्ता करून पाठवला. ती पास झाली.

मग जून महिना आला. १४ तारखेला सकाळी तिने फोटो पाठवला. रस्त्यावर घराघरांवर झेंडे, गडद लाल, मध्ये पांढरा पट्टा, आणि प्रत्येक झेंड्याच्या काठीला काळी फीत. "आजी, आज कसलंतरी सुतक आहे इथे. घरमालकीण आजींना विचारलं तर म्हणाल्या, 'बाइगाइस गात्स'. तुझ्या तक्त्यातला आहे का गं हा शब्द?"

तक्त्यात नव्हता, पण कुळ तेच. 'बाइग्स' म्हणजे ज्याने जीव दडपतो, अंधारात काहीतरी आहे असं वाटतं, ते. 'गात्स' म्हणजे वर्ष. १७ जून १९४० ते जुलै १९४१ या काळाला लॅटव्हियात हे नाव आहे.

आता मला माझ्याविषयी एक सांगायचं आहे. मी जवळजवळ तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. दुसऱ्या महायुद्धाच्या धड्यात एक वाक्य असायचं: ऑगस्ट १९३९ मध्ये जर्मनी आणि रशिया यांनी परस्परांशी अनाक्रमणाचा करार केला. मी मुलांना त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावत असे, कारण ते गाळलेल्या जागेत यायचं. 'अनाक्रमण' या शब्दावर माझं प्रेमही होतं. नञ् तत्पुरुषाचं उदाहरण म्हणून मी तो व्याकरणाच्या तासालाही वापरत असे. किती छान शब्द, आक्रमण न करणे. त्या कराराला एक गुप्त पुरवणी होती आणि तिच्यात या दोघांनी आपसांत कोणाकोणावर आक्रमण करायचं ते वाटून घेतलं होतं, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. त्या वाटणीत लॅटव्हिया रशियाकडे गेला. सोव्हिएत सरकारने ही पुरवणी होती हे मान्य केलं डिसेंबर १९८९ मध्ये. त्याच वर्षी २३ ऑगस्टला, म्हणजे कराराला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, तीन देशांतली सुमारे वीस लाख माणसं एकमेकांचे हात धरून रस्त्यावर उभी राहिली, टालिनपासून रिगावरून व्हिल्नियसपर्यंत, सहाशे किलोमीटरहून लांब साखळी. ती बातमी मी तेव्हा नक्की ऐकली असणार. दुसऱ्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही. बहुतेक गाळलेल्या जागा.

तर १६ जून १९४० ला लॅटव्हियाला निर्वाणीचा खलिता मिळाला, १७ तारखेला रणगाडे रिगात शिरले आणि ५ ऑगस्टला देश सोव्हिएत संघात सामील केला गेला. मग अटका सुरू झाल्या. रिगात एका चौकाच्या कोपऱ्यावर एक देखणी इमारत आहे, तिला लोक नुसतं 'कोपऱ्यावरचं घर' म्हणत. गुप्त पोलिसांचं कार्यालय. नाव घ्यायची गरजच नव्हती. आता तिथे संग्रहालय आहे, नात पाहून आली. आणि १३ जून १९४१ च्या रात्री सुरू होऊन १४ तारखेला, पंधरा हजारांहून अधिक माणसांना घरातून उठवून गुरांच्या वाघिणींत भरून पूर्वेकडे धाडलं. स्टेशनवर बापे वेगळे काढले. ते छावण्यांत गेले आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहीत. बायका आणि पोरं सैबेरियात. त्याच रात्री शेजारच्या दोन्ही देशांतही हेच चाललं होतं. रिगातल्या तोर्न्याकाल्न्स स्टेशनापाशी आजही तशी एक वाघीण ठेवलेली आहे.

इंग्रजी पुस्तकांत 'बाइगाइस गात्स'चं भाषांतर कुठे 'इयर ऑफ टेरर' असं दिसतं, कुठे 'इयर ऑफ हॉरर'. आता वर केलेला शब्दांचा खेळ मला इथे उपयोगी पडला. टेररला राजकारणाचा वास आहे. फ्रान्समध्ये १७९३-९४ ला रोबेस्पिअर आणि मंडळींनी गिलोटिन चालवून जो कारभार केला, त्याला टेरर म्हणाले, आणि टेररिस्ट हा शब्द पहिल्यांदा वापरला गेला तो सरकार चालवणाऱ्यांसाठी. आपल्या पाठ्यपुस्तकातलं 'दहशतीचे राज्य' ते हेच. टेरर म्हटलं की करणारा दिसतो. हॉरर म्हटलं की बघणाऱ्याच्या अंगावरचा काटा दिसतो. बाइग्समध्ये यातलं काहीच नाही. त्यात रात्री जिन्यावर पावलं वाजतात आणि ती आपल्या मजल्यावर थांबतात की पुढे जातात याकडे कान लावून बसलेला माणूस आहे.

इथे मी लेख संपवून टाकणार होते. मग त्या नावाची पुढची गोष्ट हाती लागली आणि दोन दिवस नीट झोप आली नाही.

२२ जून १९४१ ला जर्मनीने रशियावर हल्ला केला, १ जुलैला जर्मन रिगात आले. पंधरा दिवसांपूर्वी ज्यांची माणसं वाघिणींतून गेली होती, त्यांतल्या काहींनी त्यांना फुलं दिली. जर्मनांनी तुरुंगांच्या आवारांत पुरलेली प्रेतं उकरून काढली, फोटो काढले. १९४२ साली रिगात एक जाडजूड पुस्तक निघालं, नाव 'बाइगाइस गात्स'. फोटो खरे, मेलेली माणसं खरी, रडणाऱ्या आया खऱ्या. पण सगळ्या पुस्तकाचा रोख असा की हे ज्यूंनी केलं. वस्तुतः १४ जूनला नेलेल्या माणसांत ज्यूही होते.

आणि पुस्तक निघालं तोपर्यंत काय होऊन गेलं होतं? ४ जुलै १९४१ ला रिगातलं मोठं सिनेगॉग पेटवून दिलं. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर या दोन दिवसांत शहराबाहेरच्या रुंबुला इथल्या जंगलात सुमारे पंचवीस हजार ज्यूंना खड्ड्यांच्या काठाशी नेऊन मारलं. हुकूम जर्मनांचे होते, आणि मदतीला स्थानिक लॅटव्हियन माणसं होती. ज्यूंच्या इतिहासाचे मोठे अभ्यासक सिमॉन डुब्नोव यांना त्याच डिसेंबरात रिगात ठार केलं. वय एक्याऐंशी. रुंबुलातून जिवंत परतलेल्या दोन-चार माणसांत फ्रिडा मिखेल्सन नावाची एक शिंपीण होती. ती बर्फात मेल्यासारखी पालथी पडून राहिली, आणि मारायला नेलेली माणसं पायातले जोडे काढून तिच्या अंगावर टाकत गेली. जोड्यांच्या ढिगाखाली ती वाचली. तिने नंतर हे लिहून ठेवलं.

म्हणजे पाहा. एका भीतीला नाव मिळालं, अगदी मनातलं, घरगुती. आणि तेच नाव दुसरी भीती झाकायला चादरीसारखं वापरलं गेलं. आजूबाजूला जे चाललं होतं त्याला त्या काळी लॅटव्हियनमध्ये नाव नव्हतं. माणूस आपल्या दुःखाचं पुस्तक चाळत बसला असेल आणि खिडकीखालून रांग गेली असेल. सगळेच तसे नव्हते. झानिस लिप्के नावाच्या एका कामगाराने आपल्या लाकडाच्या वखारीखाली तळघर खणून चाळीसहून अधिक ज्यूंना लपवलं. पण तो एक, आणि त्याची बायको, आणि थोडे सोबती.

१९४४-४५ ला रशियन परत आले तेव्हा त्या पुस्तकाबरोबर ते नावही गेलं. आता 'बाइगाइस गात्स' म्हणणं म्हणजे फॅसिस्ट असणं. मग २५ मार्च १९४९ उजाडला. या वेळी चार दिवसांत बेचाळीस हजारांहून अधिक माणसं. शेती सामुदायिक करायची होती आणि शेतकरी तयार होत नव्हते. या मोहिमेला मॉस्कोच्या अधिकाऱ्यांनी दिलेलं सांकेतिक नाव 'प्रिबोय', म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी लाट. मला हे नाव कळलं तेव्हा 'अनाक्रमण'ची आठवण झाली. छान शब्दांचं मला आता भय वाटतं.

नातीच्या घरमालकीण आजी त्या लाटेतल्या. वय तेव्हा पाच. ऐंशी ओलांडलेल्या या बाई, आणि नात त्यांच्याकडे मोडक्यातोडक्या लॅटव्हियनमध्ये आणि मोबाईलच्या मदतीने हे ऐकत असते. त्यांच्या आईला सामान बांधायला तासभर दिला. तिने घाईत भिंतीवरचं घड्याळ घेतलं, मुलीचा एकच बूट घेतला आणि हाताने फिरवायचं शिवणाचं मशीन घेतलं. ओम्स्ककडच्या खेड्यात त्या मशीनने बटाटे मिळवून दिले. आठ वर्षांनी परतले, तेव्हा घरात दुसरं कुटुंब राहत होतं. आणि परतल्यावर आईने त्या आठ वर्षांना कधीच कुठलं नाव दिलं नाही. फक्त 'तूर' म्हणायची. तूर म्हणजे तिथे. 'तिथे असताना', 'तिथली थंडी'. शेजारी, शाळा, नोकरी, कुठेही दुसरा शब्द चालणार नव्हता. तो शब्द त्यांनी पुन्हा उघड ऐकला १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वतः चाळिशी उलटल्यावर.

नातीने एकदा धीर करून त्यांना रुंबुलाबद्दल विचारलं. (मीच विचार म्हटलं होतं. नंतर वाटलं, विचारायला सांगायला नको होतं.) त्या बराच वेळ टेबलावरचे पावाचे तुकडे गोळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, शाळेत त्यांना तिथे 'सोव्हिएत नागरिक' मारले गेले असं शिकवलं. १९६४ मध्ये तिथे एक दगड बसवला, त्यावर 'फॅसिझमचे बळी' एवढंच. मात्र तो मजकूर तीन भाषांत आहे, रशियन, लॅटव्हियन आणि यिडिश. ज्यू हा शब्द दगडावर लिहिता आला नाही, तेव्हा दगड बसवणाऱ्यांनी लिपीतूनच सांगून टाकलं. आजी म्हणाल्या, "मी ती अक्षरं पाहून आईला विचारलं, हे काय लिहिलंय? आई म्हणाली, चल." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत. आता ४ जुलैलाही लॅटव्हियात झेंड्यांना काळी फीत बांधतात. आजी बांधतात. नातीने पाहिलं.

तो दगड आणि ती आई माझ्या डोक्यातून जात नाही. मी त्या आईला नावं ठेवू शकत नाही. तिचीही भीती खरी होती, आणि तिला तर स्वतःच्या भीतीचाही उच्चार करायची परवानगी नव्हती. पण चल म्हणताना तिने मुलीचा हात किती घट्ट धरला असेल, एवढाच विचार येतो.

मी मराठीत 'बाइगाइस गात्स'ला काय म्हणू? दहशतीचं वर्ष म्हटलं तर फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आठवतो, आणि दहशत शब्द फारसीतून आलेला, दरबारी वाटतो. भीषण, भयंकर, भयानक हे वर्तमानपत्रांनी रोज अपघातांवर घासून गुळगुळीत केलेत. शेवटी सापडला तो साधा शब्द. भयाण. दुपारी ओसाड वाड्यात पाऊल टाकल्यावर येणारा. रान भयाण असतं, शांतता भयाण असते, आणि हाक मारली तर ओ येत नाही. धातूही तोच, 'भी'. इंग्रजीला दोन शब्द वापरूनही जे साधलं नाही ते आपल्या खेड्यातल्या शब्दाने साधलं, याचा मला थोडा अभिमान वाटला हे कबूल करते.

भयाण वर्ष. नातीला कळवलं. तिने ते संध्याकाळी आजींना म्हणून दाखवलं. आजींनी तीन-चार वेळा उच्चारून पाहिलं, 'बायाण, बायाण', आणि आपल्या वहीत त्यांच्या लिपीत लिहून घेतलं. मग विचारलं, तुमच्याकडे लेकराला धीर देताना काय म्हणतात? नातीने सांगितलं, "भिऊ नकोस." त्यांच्याकडे म्हणतात 'नेबीस्तिएस'. दोघींनी 'भि' आणि 'बी' जुळतंय म्हणून टाळ्या दिल्या म्हणे.

त्या घरात दाराशी एक कापडी पिशवी टांगलेली असते. पहिले सहा महिने नातीला वाटलं ती धोब्याची असेल. एकदा खाली पडली तेव्हा तिने उचलून ठेवली, तर आत कागदपत्रं, लोकरीचे मोजे, सुई-दोरा आणि साखर. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला त्या आठवड्यात आजींनी ती भरली होती. नात म्हणते, त्या दर रविवारी साखर तपासतात, मुंग्या लागल्या नाहीत ना ते बघतात, आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवतात.